ओपन सोर्स वैद्यकीय सॉफ्टवेअरसाठी सरकारी संशोधन निधी: इंदूरहून प्रस्ताव कसा उभा करावा

धारच्या पलीकडे आदिवासी पट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांचं रजिस्टर चाळत होतो. लांबोडकं, कापडी बांधणीचं. प्रत्येक नोंदीशेजारी लॅबची चिठ्ठी डिंकाने चिकटवलेली, त्यामुळे पानं फुगून वही मिटत नव्हती. काही नावांपुढे समासात लाल बॉलपेनने टिंब दिलेलं होतं.

"सिस्टर, ही टिंबं कसली?"

"ती परत न आलेल्यांची, सर. गोळी चालू आहे, पण रक्त तपासायला आलीच नाहीत."

तेव्हा आमच्या डोक्यात त्या रुग्णालयासाठी सगळं काही करणारी एक मोठी प्रणाली होती. नोंदणी, लॅब, औषधसाठा, महिन्याचे रिपोर्ट. तसा प्रस्ताव एका निधी देणाऱ्या संस्थेकडे पाठवलाही होता आणि तो एका ओळीच्या शेऱ्यासह परत आला होता: यात संशोधन कुठे आहे? आठवडाभर मी चिडलेला होतो. त्या टिंबांनी मला दाखवलं की विचारणाऱ्याचं बरोबर होतं. सिकल सेलसाठी दिलं जाणारं हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्या मुलाचं रक्त ठरावीक अंतराने तपासावंच लागतं, कारण या औषधाने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात. मग मुलं का येत नाहीत? गावातल्या आशाताईंच्या फोनवर दर सोमवारी नावांची यादी पोहोचली, तर ती येतील का? हा प्रश्न झाला. सॉफ्टवेअर हे त्याचं उत्तर शोधायचं साधन.

सरकारी संशोधन निधी सॉफ्टवेअरला मिळत नाही, प्रश्नाला मिळतो. पुढे जे सांगणार आहे ते सगळं यावरच उभं आहे.

आधी प्रश्न, मग स्क्रीन

कोऱ्या कागदावर तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यात ॲप, पोर्टल, प्लॅटफॉर्म, डॅशबोर्ड यातला एकही शब्द येऊ देऊ नका. वाक्य जमत नसेल तर प्रस्ताव लिहायची वेळ आलेली नाही. परत ओपीडीत जाऊन बसा. आम्हाला ते वाक्य जमायला दोन महिने लागले: "हायड्रॉक्सीयुरियावर असलेल्या मुलांपैकी किती जणांची रक्ततपासणी वेळेत होते, आणि आशाताईंना यादी दिल्याने ते प्रमाण वाढतं का?"

वाक्य जमलं की मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (सामुदायिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या संख्याशास्त्रज्ञाला गाठा. सॅम्पल साइझ किती, तुलना कोणाशी, मुख्य मोजमाप कोणतं, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. सॉफ्टवेअरवाले ही पायरी टाळतात. माझ्या पाहण्यातले बहुतेक प्रस्ताव इथेच पडले आहेत.

त्यानंतर ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो अशा प्रणालींपैकी आधीच काय उपलब्ध आहे ते शोधा. रुग्णांच्या नोंदी ठेवणारं ओपनएमआरएस २००४ पासून आहे. त्याच्यावर उभी असलेली बाह्मनी ही रुग्णालय प्रणाली आपल्या शेजारीच, छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीत, जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात पहिल्यांदा कामाला लागली. ओस्लो विद्यापीठातून आलेली, आरोग्याची आकडेवारी गोळा करणारी डीएचआयएस-२ आणि फोनवरून नोंदी घेणारी ओडीके या दोन्ही भारतात रोजच्या वापरात आहेत. केरळात कोविडच्या काळात उभी राहिलेली 'केअर' ही प्रणालीही खुली आहे. "आम्ही नवीन प्रणाली बांधणार" असं लिहिलंत तर रिव्ह्यूअर यातलंच एखादं नाव पुढे करणार. "आम्ही बाह्मनीवर सिकल सेल पाठपुराव्याचं मॉड्यूल बांधणार आणि ते मूळ प्रकल्पात परत देणार" असं लिहिलंत तर खर्चही कमी, आणि टिकण्याच्या प्रश्नाला निम्मं उत्तरही तिथेच मिळतं.

अर्ज कोणाच्या नावाने

प्रश्न रुग्णाचा असेल तर प्रमुख संशोधक (पीआय) डॉक्टर असू द्या. इंजिनियरने सह-संशोधक (को-पीआय) म्हणून राहावं. इंदूरच्या इंजिनियर मंडळींना हे जड जातं, मलाही गेलं. पण वॉर्डात ज्याचा शब्द चालतो त्याच्याशिवाय ही चाचणी होत नाही. नियमित पदावरची व्यक्ती निवडा आणि निवृत्तीला किती वर्षं उरली आहेत हे मोकळेपणाने विचारा. तीन वर्षांच्या प्रकल्पात दुसऱ्या वर्षी पीआय निवृत्त झाले तर सगळी कागदपत्रं नव्याने करावी लागतात.

सरकारी कॉलेज असेल तर संस्थेच्या पात्रतेची अडचण नाही. ट्रस्टचं रुग्णालय किंवा स्वयंसेवी संस्था असेल तर डीएसआयआर या केंद्रीय विभागाची 'सिरो' (संशोधन संस्था म्हणूनची) मान्यता आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी आधी तपासा. मान्यता नसेल तर ती असलेल्या संस्थेशी एमओयू करा. एकट्या डेव्हलपरला आयसीएमआरकडे (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडे) थेट अर्ज करता येत नाही. त्याने प्रकल्पात कर्मचारी म्हणून यावं, नाहीतर स्टार्टअपच्या वाटेने जावं.

विभागप्रमुख, डीन आणि एथिक्स कमिटी या तीन सह्यांसाठी दोन महिने धरून चाला.

कोणतं दार ठोठवायचं

आरोग्याच्या प्रश्नासाठी पहिलं दार आयसीएमआरचं. एक्स्ट्राम्यूरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांना निधी देण्याच्या कार्यक्रमात स्मॉल ग्रँटची मर्यादा २ कोटींची आहे आणि इंटरमिजिएट ग्रँट २ ते ८ कोटींची. आमच्यासारख्या कामाला स्मॉल ग्रँट भरपूर होते. पहिल्याच प्रस्तावात मोठा आकडा टाकण्याचा मोह आवरा.

प्रश्न गणनेचा असेल, म्हणजे प्रतिमा वाचणं, नवा अल्गोरिदम, खासगीपणा जपून माहिती एकत्र करणं असं काही असेल, तर एएनआरएफ, म्हणजे विज्ञान संशोधनाला निधी देणारी राष्ट्रीय संस्था. २०२३ च्या कायद्याने ही संस्था आली आणि आधी हेच काम करणारं एसईआरबी तिच्यात सामावलं गेलं. पदावर नुकतेच रुजू झालेल्या अध्यापकांसाठी तिची पंतप्रधानांच्या नावाची अर्ली करिअर ग्रँट आहे: ३ वर्षांत ६० लाखांपर्यंत. सिमरोलच्या आयआयटीतल्या किंवा एसजीएसआयटीएसमधल्या तरुण प्राध्यापकाला मी हेच दार आधी दाखवेन.

कंपनी काढायची असेल तर बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांसाठीच्या सरकारी संस्थेची बिग योजना आहे: १८ महिन्यांत ५० लाखांपर्यंत. पण तिथे बाजाराचा प्रश्न येणारच. सॉफ्टवेअर खुलं आणि बसवणं, प्रशिक्षण, देखभाल यांचे पैसे, असा व्यवहार तुम्हाला समजावून सांगता आला पाहिजे. शिवाय सायबर-फिजिकल (संगणक आणि यंत्रं जोडणाऱ्या) प्रणालींच्या राष्ट्रीय मिशनमधली जी २५ केंद्रं देशभर उभी राहिली, त्यातलं एक आयआयटी इंदूरचं दृष्टी फाउंडेशन आहे. घरापासून तासाभरावर आहे, जाऊन बोलायला हरकत नाही.

कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी सूचना, उघडल्यावर लिहायला बसू नका. तोपर्यंत मसुदा तयार हवा.

परवाना आधी ठरवा, लेखी ठरवा

एका कॉलेजातला प्रकल्प मी जवळून पाहिला. प्रस्तावात 'ओपन सोर्स' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. काम संपलं, आणि कोड खुला करायला संस्थेच्या आयपीआर (बौद्धिक संपदा) समितीची परवानगी लागते हे तेव्हा कळलं. समितीची बैठक वर्षभर झाली नाही. कोड एका पेनड्राइव्हवर राहिला आणि तो लिहिणारी मुलं नोकरीला लागून पुण्या-बंगळुरूला गेली. सरकारी पैशातून झालेलं चांगलं काम कोणाच्याच हाती लागलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

सरकारी प्रकल्पात तयार झालेल्या बौद्धिक संपदेचा हक्क साधारणपणे ज्या संस्थेत काम होतं तिच्याकडे जातो. म्हणून अर्ज पाठवण्याआधी संस्थेचं एक पानाचं पत्र घ्या: या प्रकल्पातला सगळा कोड अमुक परवान्याखाली, पहिल्या दिवसापासून सार्वजनिक ठेवायला आमची संमती आहे. परवान्याचं नाव त्या पत्रात लिहिलेलंच हवं. कोणी पेटंटचा मुद्दा काढला तर भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही, हे शांतपणे दाखवा.

परवाना कोणता? बाह्मनी एजीपीएल या परवान्याखाली आहे. म्हणजे कोणी तिच्यात बदल करून ती सर्व्हरवर चालवली, तर वापरणाऱ्यांना बदललेला कोडही द्यावा लागतो. ओपनएमआरएसने एमपीएल २.० हा परवाना घेतला आहे आणि सोबत वैद्यकीय वापराबद्दलचं स्वतंत्र निवेदन जोडलं आहे. ते निवेदन जरूर वाचा. रुग्णालयात चालणाऱ्या प्रणालीसाठी मी एजीपीएल घेईन, कारण जनतेच्या पैशातून झालेल्या सुधारणा जनतेकडेच परत आल्या पाहिजेत. इतरांनी आपल्या प्रणालीत बसवावी अशी छोटी लायब्ररी (तयार कोडचा संच) असेल तर कमी बंधनांचा अपाचे २.०. निवडीचं कारण प्रस्तावात दोन वाक्यांत द्या.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक पाहतात. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट संस्थेचा होतो, विद्यार्थ्याचा तसा होत नाही. प्रोजेक्ट म्हणून चार महिने कोड लिहून जाणाऱ्या प्रत्येक मुलाकडून लेखी संमती घेऊन ठेवा.

एक स्क्रीन आणि सीडीएससीओ (केंद्रीय औषध नियंत्रण संस्था)

आमच्या मॉड्यूलमध्ये बालरोगतज्ज्ञ मॅडमनी एक छोटी सोय मागितली: वजन टाकलं की डोस दिसावा. दुपारभराचं काम. पण त्या स्क्रीनने सगळं बदलतं. केवळ नोंद ठेवणारं, यादी काढणारं रजिस्टर वेगळं आणि उपचाराचा निर्णय सुचवणारं सॉफ्टवेअर वेगळं. १ एप्रिल २०२० पासून निदान किंवा उपचारासाठीचं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या कायदेशीर व्याख्येत येतं. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम त्याला लागू होतात आणि धोक्याप्रमाणे ए ते डी असे वर्ग पडतात. केवळ चाचणीपुरतं उपकरण तयार करायलाही एमडी-१३ हा परवाना असतो.

आम्ही डोसची स्क्रीन पहिल्या टप्प्यातून काढली. मॅडम नाराज झाल्या, पण "मग वजन आणि मागच्या वेळचा डोस तरी शेजारी शेजारी दाखवा, आकडा मी काढीन" असं म्हणाल्या. स्क्रीन तशीच झाली आणि वापरायलाही तीच बरी ठरली.

तुमच्या कामात निर्णय सुचवणं अटळ असेल तर ते प्रस्तावात उघड लिहा. सॉफ्टवेअरच्या जीवनचक्रासाठी आयईसी ६२३०४ आणि जोखमीसाठी आयएसओ १४९७१ ही मानकं पाळू असं सांगा आणि त्याला लागणारा माणूस बजेटमध्ये दाखवा. शंका असेल तर मेडटेक मित्रकडे विचारा. आयसीएमआर, सीडीएससीओ आणि नीती आयोग यांनी डिसेंबर २०२३ मध्ये हा उपक्रम याच कामासाठी सुरू केला. एआय वापरणार असाल तर आयसीएमआरची २०२३ ची एआय नीतितत्त्वं हाताशी ठेवा. त्यातलं काय पाळणार ते मुद्देवार लिहा.

कोड उघडा, माहिती बंद

ही चूक आमच्या हातून झाली आहे. चाचणीसाठीच्या एका फाइलमध्ये आम्ही नावं काढली होती, पण गाव, फलिया (वस्ती), वय आणि हिमोग्लोबिन तसंच ठेवलं होतं. ती फाइल सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवायच्या खुल्या जागेत गेली. बारा घरांच्या फलियात नऊ वर्षांची सिकल सेलची मुलगी म्हणजे कोण, हे सांगायला नाव लागत नाही. दोन तासांत लक्षात आलं, फाइल इतिहासासकट काढून टाकली आणि एथिक्स कमिटीला स्वतःहून कळवलं. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: रिपॉझिटरीत फक्त बनवलेले रुग्ण. सिंथियासारखं मोफत साधन असे काल्पनिक रुग्ण तयार करून देतं. सिकल सेलसाठी ते थोडं बदलून घ्यावं लागलं, एवढंच.

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संशोधनाला त्यात सवलत आहे, पण एका अटीवर: त्या माहितीच्या आधारे त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही. पाठपुराव्याचं सॉफ्टवेअर तर नेमकं तेच करतं, अमुक मुलीला बोलवा असं सांगतं. म्हणून "हे संशोधन आहे, सवलत आहे" असं गृहीत धरू नका. पालकांच्या संमतीचा कागद त्यांना समजेल अशा भाषेत करा. आमच्याकडे तो भिलीत वाचून दाखवतात.

एथिक्स कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का ते पाहा. तुलनात्मक चाचणी असेल तर पहिलं मूल सामील होण्याआधी सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करा.

आरोग्याच्या नोंदी राष्ट्रीय डिजिटल मिशनशी जुळाव्यात असं प्रत्येक रिव्ह्यूअरला वाटतं. पुण्याच्या सी-डॅकमधलं ईएचआर (डिजिटल आरोग्य नोंदी) मानकांचं राष्ट्रीय केंद्र एफएचआयआर या माहिती देवाणघेवाणीच्या मानकाचे भारतीय साचे देतं, आणि भारत सदस्य असल्याने स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची प्रमाणित यादी आपल्याकडे विनामूल्य वापरता येतं. हे दोन्ही वापरणार असं लिहा, आणि खरंच वापरा.

बजेट: इथे लाजू नका

माणसांचा खर्च सगळ्यात मोठा असतो आणि अडचणही तिथेच. जेआरएफचे (कनिष्ठ संशोधन फेलोचे) दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. आयसीएमआरच्या प्रकल्पात बिगरवैद्यकीय रिसर्च सायंटिस्ट-१ ला ५६,०००. घरभाडं वेगळं, इंदूर 'वाय' श्रेणीचं शहर आहे त्या हिशोबाने. सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांशी पगारात स्पर्धा होत नाही, हे मान्य करून योजना आखा. आम्ही एक स्थिर, सावकाश पण नीट काम करणारा डेव्हलपर तीन वर्षांसाठी घेतला आणि पहिल्या वर्षी रचना ठरवायला एक अनुभवी माणूस महिन्यातून चार दिवस कन्सल्टन्सीवर. दोघांऐवजी तीन कनिष्ठ मुलं घेतली असती तर वर्षभरात तिघंही सोडून गेली असती.

'मेंटेनन्स' असा हेड (खर्चाचं शीर्षक) टाकला तर तो कापला जातो, असा माझा अनुभव. तोच खर्च खरा कुठे होतो ते लिहा: सुरक्षा परीक्षण, दस्तऐवज, आशाताईंचं प्रशिक्षण, चुकांची दुरुस्ती, दुसऱ्या जिल्ह्यात बसवून पाहणं. सुरक्षा परीक्षण सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरकडून करून घ्यायचं आणि क्लाउड मेइटी या केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या यादीतलं घ्यायचं, हे दोन खर्च सुरुवातीलाच धरा. नंतर ते कुठल्याही हेडमधून निघत नाहीत. खरेदी जेम या सरकारी पोर्टलवरून होते आणि वेळ खाते. प्रवासाचा हेड खरा ठेवा. इंदूरहून झाबुआ दीडशे किलोमीटर, महिन्यातून दोन फेऱ्या, तीन वर्षं, गुणाकार करून दाखवा. आशाताईंचं मानधन विसरू नका. काम त्याच करणार आहेत.

मजकूर आणि मुलाखत

पहिल्या पानावर राष्ट्रीय प्राधान्य दिसू द्या. सिकल सेल निर्मूलनाचं मिशन १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातच, शहडोलमध्ये सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ हे लक्ष्य. तपासणीत सापडलेल्या मुलांचं पुढे काय होतं, हा आमचा धागा. तुमच्या विषयाचा असाच धागा शोधा.

"फुकट आहे तर टिकणार कसं?" आणि "कंपनीकडून का घेत नाही?" हे प्रश्न मुलाखतीत येतातच. पूर्वदाखले पाठ असू द्या. वैद्यकीय प्रतिमांसाठीची आयटीके ही लायब्ररी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक पैशातून सुरू केली आणि ती आजही जगभर वापरात आहे. वैद्यकीय प्रतिमा पाहण्याचं थ्रीडी स्लायसरही असंच सार्वजनिक निधीवर वाढलं. आपल्याकडे केंद्र सरकारचं ओपन सोर्सला प्राधान्य देणारं धोरण २०१५ पासून आहे. ते प्रस्तावात उद्धृत करा. तरी सगळ्यात वजनदार कागद कोणता म्हणाल, तर ज्या रुग्णालयात हे वापरायचं आहे तिथल्या सिस्टरच्या रजिस्टरमधल्या, नावं झाकलेल्या एका पानाचा फोटो. आमच्या दुसऱ्या मुलाखतीत समितीने सर्वात जास्त वेळ त्याच स्लाइडवर घालवला.

मंजुरी आल्यावर

सँक्शन ऑर्डर दोनदा वाचा, एकदा अकाउंट्स विभागातल्या माणसासोबत. प्रकल्पाची सुरुवात कोणत्या तारखेपासून धरली आहे, एका हेडचे पैसे दुसऱ्यात वळवायला परवानगी लागते का, व्याज परत करायचं आहे ना. पुढचा हप्ता जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यातल्या युटिलायझेशन सर्टिफिकेटवर (निधी खर्च केल्याच्या दाखल्यावर) अडकतो. ते ३१ मार्चनंतर लगेच तयार करा. जाहिरात, मुलाखती, रुजू होणं यात पहिले तीन-चार महिने जातात. तोवर कामाची रिपॉझिटरी उघडून परवान्याची फाइल आणि प्रकल्पाची ओळख देणारी वाचाफाइल (रीडमी) टाकून ठेवा. समितीतलं कोणी ना कोणी ती उघडून पाहतं.

शेवटच्या वर्षी सुपूर्द करायच्या वस्तूंची यादी करा. डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे, सर्व्हरचं बिल कोणाच्या कार्डावर जातं, मूळ प्रकल्पात आपला कोड स्वीकारला गेला का. आणि अँड्रॉइड ॲपची साइनिंग की, म्हणजे नवी आवृत्ती आपलीच आहे हे फोनला पटवणारी गुप्त फाइल. ही फाइल एकट्या डेव्हलपरच्या लॅपटॉपवर असते आणि तो जाताना लॅपटॉप फॉरमॅट होतो. ॲप थेट फाइलने वाटलेलं असेल आणि ती की हरवली, तर पुढची आवृत्ती जुन्यावर बसत नाही. आशाताईंना जुनं ॲप काढावं लागतं आणि नेटवर्क नसलेल्या गावातल्या, अजून वर न गेलेल्या नोंदी त्याच्यासोबत पुसल्या जातात. कीच्या दोन प्रती करा, एक विभागाच्या कुलूपबंद कपाटात आणि एक डीनच्या कार्यालयात, आणि पासवर्ड बंद पाकिटात वेगळा ठेवा.